दुखायच्या आधीच जा: बाळाची दाताच्या डॉक्टरकडची पहिली फेरी

आमच्या थोरल्याची दाताच्या डॉक्टरकडची पहिली फेरी भाऊबीजेच्या दिवशी झाली, गाल टम्म फुगलेला, रात्रभर घरात कुणी झोपलेलं नाही अशा अवस्थेत. साडेतीन वर्षांचा होता. अर्धे दवाखाने दिवाळीमुळे बंद, जो उघडा मिळाला तिथे गेलो, डॉक्टर वाईट नव्हते पण लहान मुलांचे नव्हते आणि बाहेर लाइन लागलेली, मग काय, मी पाय धरले, बाबाने हात धरले, असिस्टंटने डोकं धरलं आणि पोराने डॉक्टरांचं बोट धरलं, दातांनी. त्यानंतर वर्षभर तो न्हाव्याने पांढरं कापड झटकलं तरी भोकाड पसरायचा.

धाकटीला नेलं तेव्हा ती तेरा महिन्यांची होती, आठ दात, काही दुखत नाही, काही किडलेलं नाही. रडली, पण जेमतेम दीड मिनिट. आता अडीच वर्षांची आहे आणि दवाखान्याच्या दारात चप्पल भिरकावून आत पळते. इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या बायका आणि नणंदेच्या मैत्रिणी सारख्या विचारतात की तू काय केलंस, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. मी डॉक्टर नाही हं, दोन पोरांची आई आहे, पण एकदा सगळं उलटं करून आणि एकदा सुलटं करून बघितलंय.

आधी कधी न्यायचं ते. मुलांचे डेंटिस्ट सांगतात की पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि कसंही करून पहिल्या वाढदिवसापर्यंत एक चक्कर झाली पाहिजे (आम्हाला धाकटीच्या वेळीही एक महिना उशीरच झाला, घरात लग्न होतं). लक्षात ठेवायला आपल्याकडे सोपं आहे, उष्टावण सहाव्या महिन्याच्या आसपास होतं आणि खालचे समोरचे दोन दातही बऱ्याच बाळांना त्याच सुमारास डोकावतात, तेव्हा उष्टावणाचे फोटो काढून झाले की डॉक्टर शोधायला लागायचं. कुणाला दहाव्या महिन्यात येतात, कुणाला वर्ष होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दीड वर्ष झालं तरी एकही दात नाही असं असेल तर मात्र दाखवा. आणि वरचे आधी आले तर मामाला जड म्हणतात ते, माझ्या पुतण्याचे वरचे आधी आले होते, मामा ठणठणीत आहे, फक्त त्याच्या खिशाला चांदीच्या वाटीचा खर्च जड गेला.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "चार दातांचं काय दाखवायचं गं, डॉक्टर हसतील तुला." डॉक्टर हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या बरं झालं आणलंत. कारण ह्या फेरीत करायचं काय असतं, दात मोजायचे, हिरड्या बघायच्या, जीभ बघायची, वरचा ओठ उचलून कडा बघायच्या आणि आईला दूध-बाटली-ब्रश ह्यावर दोन गोष्टी सांगायच्या. पाच मिनिटांचं काम. पण बाळाला ती खोली, तो दिवा, तो वास, ते मास्कवालं तोंड हे सगळं काही न दुखता एकदा दिसून जातं. दुखत असताना पहिल्यांदा नेलं की पोराच्या डोक्यात खुर्ची म्हणजे दुखणं असं पक्कं बसतं, मग ते पुसायला वर्ष जातं, आमचं गेलं.

"दुधाचेच आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य मी थोरल्याच्या वेळी स्वतः म्हटलंय त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही, पण ते खोटं आहे. दुधाचे दात २० असतात, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात, समोरचे सहा-सात वर्षांपासून पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे पोरगं पाचवी-सहावीत जाईपर्यंत त्याच दाढांनी पोळी चावायची आहे. त्या खालच्या पक्क्या दातांसाठी जागा धरून बसलेल्या असतात, एखादी लवकर काढावी लागली की शेजारचे दात सरकतात आणि पुढे तारेचा खर्च. शिवाय दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं, कीड मोठ्यांपेक्षा फार भराभर आत जाते, आज ठिपका आणि चार-सहा महिन्यांनी भोक. आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं की सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी नवीन दाढ येते ती दुधाची नाही, कायमची आहे, ती काही पडल्याच्या जागी येत नाही म्हणून आयांना कळतच नाही कधी आली ते.

डॉक्टर कुठला? शक्यतो लहान मुलांचा. त्यांना पेडोडोंटिस्ट किंवा पीडियाट्रिक डेंटिस्ट म्हणतात, बीडीएसनंतर तीन वर्षं मुलांच्या दातांचं एमडीएस केलेलं असतं. पाटीवर नुसतं डेंटल क्लिनिक लिहिलेलं असतं म्हणून फोन करून सरळ विचारायचं. मी विचारलेले प्रश्न असे की मुलांच्या स्पेशलिस्ट रोज असतात की आठवड्यातून एखाद्या दिवशी येतात (बऱ्याच ठिकाणी बाहेरून येतात), आईला आत बसू देतात का, एक-दीड वर्षाच्या बाळाला तुम्ही कसं तपासता, आणि फी किती. तिसऱ्या प्रश्नाला समोरून "आईच्या मांडीवर घेऊन" असं उत्तर आलं की समजायचं जागा बरोबर आहे, आणि "आधी आणा तर, बघू" असं आलं की दुसरा नंबर फिरवायचा. खर्चाचा प्रश्न असेल तर एमवाय हॉस्पिटलच्या समोरचं सरकारी डेंटल कॉलेज आहेच, १९६१ सालचं, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, शिकणारी मुलं तपासतात आणि वर सर-मॅडम बघतात, वेळ लागतो पण घाई-गर्दीतल्या खाजगीपेक्षा कधीकधी जास्त नीट बघतात. फक्त सकाळी लवकर जा आणि बाळाला लाइनीत उभं ठेवू नका, एकाने पर्ची काढायची, एकाने बाळाला बाहेर झाडाखाली फिरवायचं.

आता एक खास आपला, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांचा प्रॉब्लेम. घरात आपण तोंड, चूळ, थुंक असं बोलतो आणि डॉक्टर म्हणतात "बेटा मुँह खोलो, कुल्ला करो." मोठी मुलं शाळेत जातात त्यांना दोन्ही कळतं, पण तेरा महिन्यांच्या आजीकडे वाढणाऱ्या पोरीला मुँह म्हणजे काय कुठून कळणार? थोरल्याच्या वेळी डॉक्टर तीनदा मुँह खोलो म्हणाले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला, त्यांना वाटलं हट्टी आहे. धाकटीच्या वेळी मी आधीच सांगितलं की मॅडम, ही "आऽ कर" म्हटलं की करते आणि "ई कर" म्हटलं की दात दाखवते. मॅडमनी फाइलच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून ठेवलं, "आ कर, ई कर". उरलेलं काम त्या दोन शब्दांवर झालं. तुमच्या घरात जे शब्द असतील ते सांगा, लाजायचं कशाला, आणि विचारून बघा, इंदुरात मराठी कळणारे डॉक्टर पुष्कळ निघतात.

घरातली तयारी आठवडाभर आधी सुरू करा पण बाळाला आठवडाभर आधी सांगत बसू नका. दीड-दोन वर्षांच्या पोराला "पुढच्या शनिवारी" कळत नाही, फक्त आपल्या आवाजातलं टेन्शन कळतं. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी एकदा सहज म्हणायचं, आज दात मोजायला जायचं. बस. त्यात "दुखणार नाही हं" घालायचं नाही, कारण तोवर त्याला दुखायचा विचारही शिवलेला नसतो, आपणच आठवण करून देतो. "घाबरू नको" तेच. "सुई नाही टोचणार" तर मुळीच नाही. आणि आपल्या घराघरांत एक वाईट खोड आहे, जेवत नाही, थांब डॉक्टरकाकांना सांगते, मोठी सुई टोचतील. वर्षभर हे ऐकवून मग त्याच डॉक्टरसमोर तोंड उघड म्हणायचं, कोण उघडेल? आमच्याकडे आजोबांना ही सवय होती, त्यांना मी सरळ सांगितलं की बाबा, पोलीस चालेल, बागुलबुवा चालेल, डॉक्टर नको.

शब्द जपून वापरा म्हणजे अगदी छोटे शब्दसुद्धा. आपल्याकडे "दात काढतो" म्हणजे हसतो, दिवसभर आपण लाडाने म्हणत असतो कसे दात काढतोय बघा, आणि फोनवर बहिणीला सांगतो की शेजारच्यांच्या मुलाचा दात काढला, किती रडला. थोरल्याने हे दोन्ही ऐकलेलं, त्यामुळे त्याला फोटोसाठी "दात दाखव" म्हटलं की तो चार वर्षांचा होईपर्यंत तोंड मिटून घ्यायचा. मला फार उशिरा कळलं का ते. आता आमच्याकडे दवाखान्याचे शब्द वेगळे आहेत, पाणी उडवतं ते कारंजं, हवा मारतं ते फूंफूं, घासायचं मशीन म्हणजे गुदगुल्या ब्रश, चिमुकला आरसा म्हणजे चमचा-आरसा. मुलांचे डॉक्टर स्वतःही असंच करतात, आधी सांगायचं, मग बोटावर किंवा बाहुलीवर दाखवायचं आणि मग तोंडात करायचं, ही त्यांची शिकवलेली पद्धतच आहे. आपण घरून तेच शब्द नेले की त्यांचं निम्मं काम झालं.

आणि प्रॅक्टिस, ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे म्हणून नीट सांगते. लहान बाळाला त्या मोठ्या खुर्चीत झोपवत नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर दोन खुर्च्यांवर बसतात, गुडघ्याला गुडघे टेकवून, म्हणजे मधे एक पाळणा तयार होतो. बाळ आईकडे तोंड करून आईच्या मांडीवर, त्याचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, मग हळूच मागे झोपवायचं की डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. बाळाला वर बघितलं की डॉक्टर दिसतात आणि खाली बघितलं की आई दिसते. आईने बाळाचे दोन्ही हात पोटावर धरायचे आणि आपली कोपरं त्याच्या पायांवर हलकी ठेवायची. वाचायला अवघड वाटतं, करायला दोन मिनिटं लागतात. आम्ही घरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून मी आणि तिचा बाबा रात्री जेवणानंतर करायचो, बाबा डॉक्टर, मोबाइलचा टॉर्च वरून (डोळ्यांत नाही), स्वच्छ धुतलेलं बोट, आणि मोठ्याने मोजायचं, एऽक, दोऽन, तीऽन. पहिल्या दिवशी मागे झोपवल्यावर ती किंचाळली, दुसऱ्या दिवशी हसली, चौथ्या दिवशी स्वतः मागे पडायला लागली, खेळच झाला तो.

त्यात आजोबांची कवळी. ते रात्री ती काढून स्टीलच्या पेल्यात पाण्यात ठेवतात आणि धाकटीने एक दिवस ते बघितलं. दुसऱ्या दिवशी मोजायची वेळ झाली तर तिने आधी माझे दात धरून ओढले, मग स्वतःचे, आणि निघत नाहीत म्हणून चिडली. तर घरात कवळी असेल तर ती प्रॅक्टिसच्या आठवड्यात जरा आडोशाला ठेवा. किंवा उलट करा, आता आमच्याकडे ती रोज आजोबांच्या कवळीचे दात चमच्याने टकटक करून मोजते, आजोबा तोंडाचं बोळकं करून बसतात, दोघं खुश.

त्याच आठवड्यात एकदा दिवसाच्या उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीला लागून दाताच्या कडेवर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का? दूध सांडल्यासारखी दिसते पण पुसली जात नाही. ती किडीची अगदी सुरुवात असते आणि ह्या टप्प्यावर ती थांबवता येते, पिवळी-तपकिरी झाली की गोष्ट पुढे गेली. बाटलीने दूध पिणाऱ्या मुलांचे वरचे समोरचे चार दात पहिले जातात, खालच्यांना जीभ आणि लाळ वाचवते. थोरल्याचं तेच झालं, रात्री झोपेत बाटली, त्यात एक चमचा साखर, कारण साखरेशिवाय पीत नाही. झोपेत लाळ कमी होते, दूध दातांवर तसंच बसून राहतं, आणि मी सकाळी उठून म्हणायची रात्रभर शांत झोपला हो.

वेळ कुठली घ्यायची तर सकाळची पहिली, बाळ झोप काढून उठलेलं आणि खाऊन तासभर झालेलं असलं पाहिजे. अगदी भरल्या पोटी नको, रडता रडता उलटी होते, माझ्या ओढणीवर झालेली आहे. उपाशी तर नकोच नको. संध्याकाळी क्लिनिकमध्ये गर्दी, बाळ कंटाळलेलं, राजवाड्याच्या बाजूला असेल तर वर ट्रॅफिक. सर्दी-ताप असेल, नुकतीच लस झाली असेल तर सरळ पुढे ढकला. दात येताना थोडी लाळ, चिडचिड, हिरड्या खाजणं हे चालतं, पण चांगला ताप किंवा जुलाब असले तर "दात येताहेत" म्हणून घरी बसू नका, ते बाळाच्या डॉक्टरला दाखवायचं काम आहे. आणि हिरड्यांवर लावायच्या बधिर करणाऱ्या जेल मिळतात त्या दोन वर्षांखाली स्वतःच्या मनाने लावू नका, तसंच मधाचं बोट चोखायला देणं पहिल्या वर्षात अजिबात नाही, हे आजीला प्रेमाने पण ठामपणे सांगा.

जाता जाता छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून पोहे-जलेबी खाऊन जाऊ असं काही करू नका, म्हणजे तुम्ही खा, बाळाला जलेबी नको, दातांत ते चिकट घेऊन गेलं की डॉक्टरांना दिसतं आणि लाज आपल्याला वाटते. बॅगेत एक जास्तीचा कपड्यांचा जोड, छोटा टॉवेल, आवडतं खेळणं (आमच्याकडे एक कान तुटलेला ससा), लसीकरणाचं कार्ड, बाळ वापरतं तो ब्रश आणि ती पेस्ट, दुधाची बाटली असेल तर तीही, आणि चालू औषधांची नावं. आयर्नच्या सिरपने दातांवर काळे डाग येतात, ते कीड नसतात, पण डॉक्टरला सिरपचं माहीत हवं. हृदयाला छिद्र वगैरे काही असेल, दमा असेल, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आत गेल्यावर नाही. आणि आत दोनच मोठी माणसं. आजी-आजोबा-आत्या-काकू सगळे गेले की सगळे एकदम "काही नाही होत राणी, काही नाही होत" सुरू करतात आणि मग खरंच काहीतरी होतं. जो सगळ्यात शांत असतो त्याने बाळाला मांडीवर घ्यायचं. आमच्याकडे ती मी नव्हे, तिचा बाबा आहे, मला स्वतःला ड्रिलचा आवाज आला की घाम फुटतो, त्यामुळे मी दारापाशी ससा घेऊन उभी राहिले.

दहा मिनिटं आधी पोचा, बाळाला वेटिंगमध्ये खाली सोडा, फिरू दे. आतून दुसऱ्या मुलाचं रडणं ऐकू येत असेल तर बाहेर पडा आणि नंबर आला की फोन करायला सांगा. आत गेल्यावर बडबड डॉक्टरला करू द्या, आपण गप्प. थोरल्याच्या वेळी आम्ही तिघं एकदम सूचना देत होतो, त्याला कळेना कुणाचं ऐकायचं.

रडेल. बहुतेक एक-दोन वर्षांची मुलं रडतातच, अनोळखी माणसाने तोंडात बोट घातलं तर रडणं हेच शहाणपणाचं आहे. रडताना तोंड मस्त मोठं उघडतं, डॉक्टरांना तर सोयच होते. त्या रडण्याची लाज वाटून "बघ ती ताई रडतेय का, तू का रडतोस, शेम शेम" हे करू नका. तपासणी दीड-दोन मिनिटांत संपते, संपली की लगेच उठवून छातीशी घ्यायचं आणि लगेच बाहेर न पळता तिथेच थोडं थांबायचं, डॉक्टरांना टाटा करून, शेवटची आठवण रडण्याची राहत नाही. फार आकांत केला आणि डॉक्टर म्हणाले आज एवढंच, तर तेही चालतं, फी वाया गेली असं म्हणू नका. मुलांच्या चांगल्या डॉक्टर काही दुखत नसेल तर जबरदस्ती करत नाहीत, नुसतं खुर्चीत बसवून वरखाली फिरवून घरी पाठवतात आणि पंधरा दिवसांनी बोलावतात. थोरल्याला परत माणसात आणलं ते असंच, पहिल्यांदा फक्त खुर्ची, दुसऱ्यांदा आरसा, तिसऱ्यांदा ब्रश, चौथ्या फेरीला कुठे दाढेत सिमेंट भरलं.

विचारायचे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या, आत गेल्यावर एकही आठवत नाही. पेस्टचं मी विचारलं होतं. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, जाहिरातीत ब्रशभर पिळतात तशी नाही, आणि साधारण १००० पीपीएम फ्लोराइडवाली, पाकिटावर लिहिलेलं असतं. थुंकता येत नसेल तर ओल्या कापडाने पुसून घ्यायचं. ब्रश आपणच करायचा, पोराच्या हातात दिला तर ते फक्त चोखतं, सात-आठ वर्षांपर्यंत हे आपल्याच गळ्यात आहे. मॅडमनी उलट मला विचारलं, घरी पाणी कुठलं, नळाला येतं ते नर्मदेचं की बोरिंगचं? मला आधी कळेना दातांचा आणि नर्मदेचा काय संबंध. झाबुआ, धारकडच्या काही भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या पक्क्या दातांवर डाग येतात, म्हणून बोरिंगचं पाणी पिणाऱ्यांना त्या जास्तीचं विचारतात. तुम्ही कुठल्या नवीन टाऊनशिपमध्ये बोरिंगवर असाल तर हे आपणहून सांगा.

दुसरा प्रश्न रात्रीच्या दुधाचा. उत्तर असं मिळालं की बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद, वर्षाच्या आसपास कपवर आणा, दुधात साखर नाही, आणि आईचं दूध रात्री चालू असेल तर पाजा, पण झोपायच्या आधी दात घासलेले हवेत आणि शेवटचं पाजून झालं की ओल्या कापडाने हिरड्या-दात पुसा. गोडाचं आपल्याकडे अवघड आहे हे मॅडमना माहीत होतं, इंदूर आहे. त्यांचं म्हणणं किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहिलं ते बघा, एक गुलाबजाम जेवणाबरोबर खाऊन पाणी प्यायलं तर तेवढं नुकसान नाही जेवढं गोड बिस्किट दिवसभर हातात धरून चघळण्याने होतं. मग बोरनहाणाचं विचारलं, संक्रांतीला तिचं करायचं होतं, वरून हलवा, चॉकलेट, गोळ्या ओतायच्या आणि सगळी बच्चेकंपनी वेचून तोंडात टाकणार. मॅडम हसल्या, म्हणाल्या करा की, चॉकलेटऐवजी बोरं, चुरमुरे आणि हरभरे जास्त घाला. बोरंसुद्धा हिला बी काढून. आणि हलवा तिच्या तोंडात नको, दातांच्या आधी घशात अडकायचं भय आहे. आजीच्या चमच्याचंही तेव्हाच कळलं, आपण आधी चाखून त्याच चमच्याने बाळाला भरवतो त्यात आपल्या तोंडातले कीड करणारे जंतू बाळाकडे जातात, म्हणजे आईच्या किडलेल्या दाढेचं काम आधी उरकायला हवं. मी माझी दोन वर्षं टाळलेली दाढ त्याच आठवड्यात भरून घेतली, घामासकट.

पहिल्याच भेटीत किंवा दुसऱ्या भेटीत फ्लोराइड वार्निश सुचवतील, घाबरू नका. छोट्या ब्रशने दातांवर चिकटसर थर लावतात, मिनिटभरात होतं, सुई नाही मशीन नाही. साधारण तीन ते सहा महिन्यांनी परत लावतात. त्या दिवशी काही तास कडक, चिकट, फार गरम असं काही द्यायचं नाही, आम्ही दहीभात आणि केळं दिलं, आणि त्या रात्री ब्रशला सुट्टी, सकाळी थर ब्रशने निघून जातो. दात जरा पिवळट दिसतात तोवर. हे आजीला आधी सांगून ठेवा, आमच्याकडे संध्याकाळी आरतीच्या वेळी सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं चांगले पांढरेशुभ्र होते, पैसे देऊन पिवळे करून आणलेस?"

कीड निघालीच तर लगेच ड्रिल असं नसतं. छोट्या बाळांना एक औषध लावतात, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, त्याने कीड तिथेच थांबते पण ती जागा काळी पडते, कायमची, फोटोत दिसते, हे आधी विचारून मग हो म्हणा. मागच्या दाढेला बहुतेक वेळा काळं चालतं. गाल सुजला, ताप आला, पोर खाईना, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि पडून दुधाचा दात निघाला तर तो परत बसवायचा प्रयत्न करू नका, घेऊन डॉक्टरकडे जा, आत तुकडा राहिलाय का ते बघतील. थोरल्या मुलांचा पक्का दात निघाला तर गोष्ट वेगळी, तो मुळाला हात न लावता उचलून थंड दुधात टाकून पळत सुटायचं, परत बसू शकतो.

परत येताना बक्षीस म्हणून चॉकलेट द्यायचं नाही हे कळतं सगळ्यांना, पण "रडली नाहीस तर फुगा" हेही करू नका, रडली तरी फुगा द्या. आम्ही चिडियाघरात जातो, सकाळची अपॉइंटमेंट असली की दुपार मोकळीच असते, तिथे पाणघोड्याने तोंड उघडलं की ती ओरडते, "आऽ कल!"

पुढची तारीख तिथेच काउंटरवर घेऊन निघा, घरी आलं की राहून जातं. सहा महिने मोजत बसायला नको म्हणून आम्ही गुढीपाडवा आणि दसरा धरलाय, दोन्हींमध्ये साधारण सहा महिने असतात आणि दसऱ्याची फेरी झाली की दिवाळीच्या फराळाआधी काय दुखतंय काय नाही ते कळून जातं. ह्या वेळची घेतलीय, सकाळी अकराची, दोघांची एकत्र. पहिला नंबर धाकटीचा, असं थोरल्याने ठरवलंय.